लाल ठिपक्याच्या पुढे

येइसन पुन्हा आला भर दुपारी,
ढकलगाडीवर अँप, अँपवर दोन जळके ट्विटर.
बार्रांकियात जानेवारीचा वारा सुटला होता
आणि माझ्या दुकानातली सगळी बिलं
एका पकडीखाली फडफडत होती.

"दागोबेर्तो काका, मी काहीच केलं नाही.
बटण फक्त सातावर होतं."

फक्त सातावर.
चाळीस वर्षं हेच ऐकतोय.
बटणाभोवती दहा आकडे छापलेत
म्हणजे ताकदीचे दहा वाटे केलेत,
आणि शेवटचा वाटा संपेपर्यंत आपण सुखरूप,
असं का वाटतं लोकांना, देव जाणे.

त्याला ऑसिलोस्कोपपुढे बसवलं.
हिरवी लाट, गुबगुबीत,
पोट वर करून झोपलेल्या मांजरासारखी.
एक. दोन. तीन. लाट वाढत गेली.
बघ, म्हटलं, बटण जोर देत नाही.
जोर किती, ते मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळला
त्याच दिवशी ठरलं.
बटण नुसतं दाराशी बसलंय;
आलेल्यांपैकी किती आत सोडायचे
आणि किती ओट्यावर थांबवायचे, एवढंच बघतं.
तुझ्या मोबाइलमधून आधीच बोंबलत येतात सगळे.
चारावरच घर भरतं.

चार.
लाटेचं डोकं छताला टेकलं.
पाच, आणि डोकं सपाट.
सातावर ती लाट राहिलीच नव्हती,
सुरीने कापलेले चीजचे तुकडे होते नुसते,
शेजारी शेजारी.

आवाज वाढला? मी विचारलं.
वाढला, म्हणाला.
नीट ऐक.
वाढली ती खरखर.
जिथे कापलंय तिथून बारीक, टोकदार सूर निघतात,
गाण्यात नसलेले, कुणीच न गायलेले,
आणि सगळे जाऊन बसतात
ट्विटरच्या मानगुटीवर.

"मग मागच्या गल्लीला ऐकू कसं जायचं?"

कानाला दुप्पट वाटायला
दसपट वॉट लागतात, पोरा.
शंभराचे हजार.
आहेत? तुझ्या आईच्या मीटरला झेपतील?
अंथरूण किती लांब आहे, तिला विचार आधी.

तसं मागच्या वर्षीच
बायकोच्या नेलपॉलिशने मी चारावर लाल ठिपका दिला होता.
याच्या पिकोचं नाव बहिरी मगर,
दोन माणसं उंच स्पीकरची भिंत, भडक हिरवी, दात पिवळे.
माझ्या ठिपक्याभोवती त्याने
मगरीचा डोळा काढला.

म्हणून यंदा समजावणं थांबवलं.
तो थंड पाणी आणायला गेला तेवढ्यात
झाकण उघडून बटणाच्या आधी
दोन्ही चॅनेलना एकेक रेझिस्टर टाकला,
तांदळाएवढा, शेंगदाण्याच्या पुडीहून स्वस्त.
आता दहावरसुद्धा आत तेवढंच जाईल
जेवढं पूर्वी चारावर जायचं.
स्क्रू घट्ट पिळले.
फसवणूक म्हणा हवं तर.
पैसे मी ट्विटरचेच घेतले.

कार्निव्हलच्या शनिवारी
येइसनने बटण फिरवलं, थेट टोकापर्यंत,
आणि तिथेही एकदा दाबून पाहिलं, अजून थोडं जातंय का.
शर्यत जिंकलेल्या घोड्यासारखा फुरफुरत होता.
ढोल ढोलासारखा. झांज झांजेसारखी.
गाणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वास
मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला.
मागच्या गल्लीतली एस्तेबाना
कर्लर लावलेल्या डोक्यानिशी खिडकीत आली,
म्हणाली, मगरीने आज जास्तच तोंड उघडलंय.
येइसनने तिला सलाम ठोकला.

मी भिंतीला टेकून गप्प उभा होतो.
नात, युरानिस, शेजारी.
ती दर शुक्रवारी माझे डबे मोजते.
काहीतरी पुटपुटली.
काय? मी विचारलं.
हल्ली माझं निम्मं बोलणं "काय"च असतं.
तिने आवाज चढवला नाही.
जवळ आली, टाचा उंचावल्या,
कानाशी तोंड आणून पुन्हा म्हणाली,
सत्तेचाळीसचे दोन कमी आहेत, आजोबा.